खांद्यापर्यंत सांगितलं, कानापर्यंत का गेलं?

"खांद्यापर्यंत ठेवा," असं सांगून मुलगी पार्लरच्या खुर्चीत बसते. पार्लरवाली ताई केसांवर पाण्याचा फवारा मारते, बारीक फणीने केस ताणून सरळ करते आणि खांद्याच्या रेषेत कात्री चालवते. आरशात रेघ अगदी सरळ दिसते. मुलगी पैसे देऊन घरी येते. तासाभराने केस वाळतात आणि कानाच्या पाळीशी जाऊन बसतात. तेही सारखे नाहीत. मागे थोडे लांब, वर थोडे आखूड. आई म्हणते, "अगं, एवढे कशाला कापू दिलेस?" आणि पार्लरवालीला विचारलं, तर ती शपथेवर सांगेल की तिने खांद्यालाच कापले. दोघींचंही खरं असतं.

शिरूर आणि दौंड या शेजारच्या तालुक्यांत ज्यांच्या घरी कुरळे केस आहेत, त्यांना हा अनुभव नवा नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे इथे पैसा आला, लोकवस्ती वाढली आणि बाजारपेठेत पार्लरं, सलूनं वाढली. कात्री चालवणाऱ्या हातांत कसब आहे. अडचण अशी की ते हात शिकले ते सरळ केसांवर. क्लासमधली सरावाची डमी सरळ केसांची, भिंतीवरच्या तक्त्यातली मुलगी सरळ केसांची, यू कट आणि स्टेप कटचे कोनही सरळ केस धरून आखलेले. मग खुर्चीत कुरळं डोकं आलं की कारागीर ओळखीचीच रीत वापरतो, आणि गाडी अडते.

हे कोडं सोडवायचं तर आधी केस कुरळा होतो कशाने, ते पाहावं लागेल.

सोऱ्याचा दाखला, आणि तो कुठे अपुरा पडतो

दिवाळीला आपण सोऱ्यातून शेव पाडतो. चकतीचं भोक गोल असेल तर शेव गोल येते, चपटं असेल तर पट्टी येते. टाळूच्या कातडीत जिथून केस उगवतो, त्या नळीवजा खळग्याला केशकूप म्हणतात. सरळ केसाचा केशकूप साधारण गोल आणि उभा असतो, त्यातून आलेला केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर गोल दिसतो. कुरळ्या केसाचा केशकूप लंबगोल असतो आणि तळाशी आकड्यासारखा वळलेला असतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या घट्ट कुरळ्या केसात हे वळण सर्वांत जास्त. तो केस छेद घेतल्यावर चपटा दिसतो आणि वाढताना स्वतःभोवती पीळही घेतो.

सोऱ्याचा दाखला इथपर्यंत चालतो. पण चकतीतून बाहेर पडलेल्या शेवेला स्वतःची वाकण्याची बुद्धी नसते, केसाला असते. मुळाशी केस म्हणजे मऊ, जिवंत पेशींचा पुंजका. वर सरकताना त्या पेशींमध्ये केराटिन नावाचं प्रथिन भरत जातं, त्या कडक होतात आणि मरतात. सरळ केसात ही प्रक्रिया सगळ्या बाजूंनी सारखी चालते. कुरळ्या केसात एका बाजूच्या पेशी दुसऱ्या बाजूच्या मानाने आधी घट्ट होतात. दोन बाजू अशा वेगवेगळ्या वेगाने तयार झाल्या की केस वळणारच. संशोधकांनी कुरळ्या केसाचं मूळ टाळूतून काढून प्रयोगशाळेत द्रवात वाढवून पाहिलं आहे. आजूबाजूला कातडी नव्हती, तरी त्यातून केस निघाला तो वळणदारच.

म्हणून जावळ काढल्याने, टक्कल केल्याने किंवा एखादं तेल चोळल्याने केस 'सुधारत' नाहीत. वयात येताना, बाळंतपणानंतर किंवा काही औषधांनी केसांचा पोत बदलतो खरा, पण तो शरीरातल्या आतल्या बदलांमुळे. वस्तरा कातडीच्या वर फिरतो, आणि केसाचं ठरतं ते कातडीच्या खाली.

वळणाचेही प्रकार असतात. नुसता नागमोडी, मोठ्या वेटोळ्यांचा, पेन्सिलीभोवती गुंडाळल्यासारखा आणि अगदी घट्ट. २००७ मध्ये लॉरेआलच्या शास्त्रज्ञांनी जगभरातल्या लोकांचे केस मोजून वळणाचे आठ प्रकार केले. त्यातून एक गोष्ट पुढे आली: वंशावरून केसाचा अंदाज बांधता येत नाही, केस प्रत्यक्ष पाहावाच लागतो. आपल्याकडे तर हे उघडच आहे. एकाच घरात एका बहिणीची वेणी सोटासारखी सरळ आणि दुसरीच्या केसांत फणी अडते. मुरूड-जंजिऱ्याचं सिद्दी संस्थान १९४८ पर्यंत होतं, आणि उत्तर कन्नडच्या यल्लापूर-हल्याळ भागात आफ्रिकी वंशाचे, घरात कोकणी बोलणारे सिद्दी आजही राहतात. पुण्याच्या महाविद्यालयांत आफ्रिकेतून आलेले विद्यार्थी शिकतात. तेव्हा घट्ट कुरळे केस म्हणजे दूरदेशीची गोष्ट, ही समजूत आपल्याकडच्या कारागिराला परवडणारी नाही.

पाण्याने सुटणारे बंध

केराटिनचे लांब धागे केसात शेजारीशेजारी असतात आणि ते एकमेकांना मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी धरून ठेवतात. एक बंध गंधकाचा. तो पक्का असतो. धुण्याने किंवा विंचरण्याने तुटत नाही, त्याला रसायनच लागतं. दुसरा हायड्रोजन बंध. हे संख्येने पुष्कळ असतात, पण कच्चे. पाणी लागलं की सुटतात, वाळलं की पुन्हा जुळतात.

आता पार्लरच्या खुर्चीकडे परत जाऊ. भिजलेला केस आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी धरतो. हायड्रोजन बंध सुटलेले असतात, पाण्याचं वजन खाली ओढतं आणि वरून बारीक फणी ताण देते. वेटोळी उलगडतात आणि केस आपल्या खऱ्या लांबीला येतो. वाळताना बंध पुन्हा जुळतात आणि केस आपल्या मूळ वळणावर जातो. समजा, मानेजवळचा केस भिजलेला बारा इंच आहे आणि वाळल्यावर त्याचे नऊ इंच होतात. टाळूवरचा केस जास्त कुरळा आहे, त्याच्या बारा इंचांचे सहाच होतात. दोन्ही एका रेषेत कापले, तरी वाळल्यावर तीन इंचांचा फरक पडणार. एकाच डोक्यावर दोन-तीन प्रकारची वळणं असणं नेहमीचं आहे. शिवाय कापल्याने खालचं वजन कमी होतं, त्यामुळे उरलेला केस आणखी वर उडी घेतो.

पावसाळ्यात केस फुगतात, त्यामागेही हेच पाणी. हवेतला दमटपणा केसात शिरतो, बंध अर्धवट सुटतात आणि प्रत्येक केस आपापल्या वाटेने वळतो. कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत गेला की माणसाचा केस लांबीला सुमारे अडीच टक्के वाढतो. हे इतकं भरवशाचं आहे की १७८३ मध्ये स्वित्झर्लंडच्या होरास बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी केसावर चालणारं आर्द्रतामापक बनवलं, आणि हवामानखात्याच्या वेधशाळांमध्ये केसाची आर्द्रतालेखक यंत्रं वर्षानुवर्षं चालली. दौंड-शिरूरचा पट्टा पर्जन्यछायेतला, उन्हाळा कोरडा. इथली मुलगी कोकणात लग्नाला गेली की तिचे केस एका रात्रीत पिंजारतात, ते काही तेल लावायचं राहिलं म्हणून नव्हे.

तेल टोकापर्यंत का पोचत नाही

टाळूत तेलाच्या ग्रंथी असतात. त्यांचं तेल सरळ केसावरून सहज खाली ओघळतं. कुरळ्या केसावर त्याला प्रत्येक वळणावर थांबावं लागतं. म्हणून एकाच डोक्यावर टाळू तेलकट आणि टोकं राठ, असा प्रकार होतो. केसाच्या बाहेरच्या अंगाला एकावर एक चढलेले सहा ते दहा पापुद्रे असतात. वळणाच्या जागी ते किंचित उचललेले राहतात, तिथून ओलावा निघून जातो, आणि फणी ओढली की केस तुटतो तोही तिथेच. राठपणा हा अनेकदा आळशीपणाचा पुरावा मानला जातो. "जरा तेल लाव, विंचरत जा" हे वाक्य कुरळ्या केसांच्या प्रत्येक मुलीने ऐकलेलं असतं, आणि कोरड्या केसांत ती जितकी जास्त विंचरते तितके ते जास्त तुटतात.

यात भर घालतं बोअरचं पाणी. दख्खनच्या काळ्या खडकातून येणाऱ्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. अशा पाण्याला आपण जड पाणी म्हणतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत धरली आहे. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. क्षार आणि साबण मिळून चिकट साका बनतो आणि तो पापुद्र्यांमध्ये बसतो. म्हणून अंगाच्या साबणाने केस धुण्याची सवय कुरळ्या केसांना सर्वांत महाग पडते. आधी बोअरच्या पाण्याने धुवून शेवटचा एक तांब्या नळाच्या किंवा पावसाच्या पाण्याचा घेतला तरी फरक जाणवतो.

तेलाचं काय? आजीचं खोबरेल इथे खरं ठरलं आहे, पण पुराव्यानिशी. २००३ मध्ये मॅरिको कंपनीच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातून वाहून जाणारं प्रथिन कमी करण्यात खोबरेल स्पष्टपणे पुढे होतं, मग ते धुण्याआधी लावलेलं असो वा नंतर. खोबरेलमधलं मुख्य आम्ल आकाराने लहान आणि सरळ रेणूचं असल्याने केसाच्या आत शिरतं; बाकीची दोन तेलं बहुतांशी वरच राहतात. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवून हा अभ्यास वाचावा. तरीही धुण्याच्या आदल्या रात्री तेल लावण्याच्या आपल्या पद्धतीत शास्त्र आहे, एवढं म्हणता येतं.

*चौकट: कुरळ्या केसांना कात्री लावण्याआधी*

*केस धुतलेले, गुंता सोडवलेले आणि पूर्ण वाळलेले असावेत. कपाळ, कानामागे, टाळू आणि मान अशा चार ठिकाणची एकेक बट ओढून सरळ करा, मापा, मग सोडा आणि पुन्हा मापा. किती उडी घेते ते कळलं की तेवढी लांबी हातची राखा. पहिल्यांदा कमीच कापा. कोरडं कापताना बट आपल्या वळणावर असताना कापा, ताणून नव्हे. गुंता सोडवायचा तो कंडिशनर लावून, मोठ्या दात्यांच्या फणीने किंवा बोटांनी, टोकाकडून मुळाकडे. वाळवताना टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या सुती कापडाने दाबून टिपा.*

"ताई, स्मूदनिंग करून घ्या ना"

कुरळं डोकं हाताळता येत नसलं की हा सल्ला मिळतो. त्यात धंदा आहे, आणि लपवलेली अडचणही. स्ट्रेटनिंगमध्ये रसायनाने गंधकाचे पक्के बंध तोडतात, केस इस्त्रीने सरळ करतात आणि दुसऱ्या रसायनाने बंध त्या सरळ आकारात पुन्हा जोडतात. झालं ते कायमचं, पण फक्त बाहेर आलेल्या केसापुरतं. मुळाचा स्वभाव तोच राहतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. सहा महिन्यांनी टाळूजवळ सहा सेंटिमीटर कुरळं आणि खाली सरळ, अशी दोन पोतांची सांधजोड तयार होते, आणि नेमक्या त्या सांध्यावर केस तुटतो. मग पुन्हा पार्लर.

'केराटिन' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उपचारांची गोष्ट आणखी गंभीर आहे. त्यांतल्या अनेकांत फॉर्मॅल्डिहाइड असतं किंवा गरम इस्त्रीखाली ते तयार होतं. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेडूक बाटलीत ठेवतात, ते फॉर्मॅलिन म्हणजे याचंच पाण्यातलं द्रावण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये ते माणसात कर्करोग घडवणारं म्हणून नोंदवलं. डब्यावर 'फॉर्मॅल्डिहाइड फ्री' लिहिलेलं असलं तरी ग्लायॉक्झिलिक आम्ल असलेली द्रव्यं तापवल्यावर ते सोडू शकतात. गिऱ्हाईक खुर्चीत दोन-तीन तास बसतं. पार्लरवाली तोच धूर रोज घेते, तोही बहुतेक वेळा खिडकी नसलेल्या गाळ्यात. डोळे झोंबत असतील, तर तो इशाराच समजायचा.

हौसेने कुणी केस सरळ केले तर त्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण कापता येत नाही म्हणून सरळ करून घ्या, हे वडाची साल पिंपळाला लावण्यासारखं आहे.

गुंता राहिला की जट

आपले रोज पन्नास ते शंभर केस गळतात. सरळ केसांत ते खाली पडतात. कुरळ्या केसांत ते वेटोळ्यांत अडकून राहतात, आणि विंचरलं नाही, तर दोनचार दिवसांत बारीक गाठी होतात. उचललेले पापुद्रे एकमेकांत रुततात, त्यात तेल, धूळ, घाम आणि साबणाचा साका बसतो. आजारपणात, बाळंतपणात किंवा मन थाऱ्यावर नसताना काही आठवडे दुर्लक्ष झालं की गाठींची एक घट्ट वळी तयार होते. तिला जट म्हणतात.

महाराष्ट्रात यापुढची कथा विज्ञानापाशी थांबत नाही. जट आली म्हणजे देवी आली, सौंदत्तीच्या यल्लम्माचं बोलावणं आलं, कापली तर घरावर कोप होईल, अशी भीती बाईला घातली जाते. मग ती जट वर्षानुवर्षं वाढते. मानेवर ओझं येतं, उवा होतात, कूस बदलायची सोय राहत नाही. काही मुलींना याच खुणेवरून देवाला सोडलं गेलं. पुण्यात महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक स्त्रियांच्या जटा सोडवल्या आहेत. जाधव मूळच्या ब्युटी पार्लरच्या व्यवसायातल्या. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. समजावणारे कार्यकर्ते पुष्कळ असतात. पण घाबरलेल्या बाईच्या मागे उभं राहून, तिच्या डोक्याला धक्का न लावता, टाळू कुठे संपते आणि जट कुठे सुरू होते ते बोटांनी चाचपत कात्री सरकवायला केसांचा सराव असलेला हात लागतो.

या धंद्याने समाजाची रीत बदलल्याचा दाखला जुनाही आहे. १८९० मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करणार नाही, असं ठरवलं. त्याच दशकात पंडिता रमाबाईंनी दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं केलं. तिथे आसरा घेणाऱ्यांत अशा विधवाही होत्या.

शिकवायचं काय

ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये केशकर्तनाच्या व्यावसायिक मानकांत बदल झाला. त्याआधी आफ्रो आणि कुरळे केस हा स्वतंत्र, ऐच्छिक भाग होता. तो न शिकताही कारागीर पात्र ठरत असे. आता सगळे पोत मूळ अभ्यासात आले. अमेरिकेत लुईझियानाने २०२१ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०२३ मध्ये तशी सक्ती केली. तिथे हा रेटा कृष्णवर्णीयांच्या हक्काच्या लढ्यातून आला. आपल्याकडे तशी चळवळ नाही. पण गिऱ्हाईक आहे, आणि ते कमी नाही.

शिक्षणाची सोय आपल्याकडेही आहे. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत नाभिक व्यवसाय आहे: पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि पुढे पंधरा दिवसांचं प्रगत प्रशिक्षण.

त्या पंधरा दिवसांतले दोन दिवस कुरळ्या केसांना दिले तरी पुष्कळ होईल. पहिला दिवस हात न चालवता नुसतं पाहायचा: वेगवेगळ्या वळणाची डोकी, भिजलेली आणि वाळलेली लांबी, बोटांत बट घेऊन पोत ओळखणं. दुसऱ्या दिवशी कोरडं कापणं, गुंता सोडवणं, ब्लो ड्रायरला डिफ्यूझर लावून मंद हवेने वाळवणं, आणि इस्त्री कधी नको ते. ओल्या केसाला इस्त्री लावली तर आतलं पाणी उकळतं आणि केसाच्या आत बुडबुडे होऊन तो पोकळ होतो. हे एकदा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की पुन्हा सांगावं लागणार नाही. घट्ट वेण्या आणि कडक अंबाडा रोज घातल्याने कपाळाजवळचे केस कायमचे जाऊ शकतात, हेही त्यातच यावं. लहान मुलींच्या आयांना ते पार्लरमध्येच ऐकायला मिळेल.

लागणारं सामान महाग नाही: मोठ्या दात्यांच्या दोन फण्या, एक डिफ्यूझर, कंडिशनरचा डबा, कुरळ्या केसांची एक डमी. डमी मिळाली नाही, तर वर्गातल्याच कुरळ्या केसांच्या मुलीला खुर्चीत बसवा. ती हमखास असते, आणि तोवर केस घट्ट बांधून मागच्या बाकावर बसलेली असते.

आणि तुमचे स्वतःचे केस कुरळे असतील, तर पुढच्या वेळी खुर्चीत बसताना घरून धुवून, वाळवून, मोकळे सोडून जा आणि सांगा: "भिजवू नका, असेच कापा. आज एकच इंच."